शेजारची सीट

४ मार्च

ती. ताईंना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वाचनाचा मान आता लेकीकडे असतो. शाळेत अक्षरं जुळवायला लागल्यापासून घरी आलेलं प्रत्येक पत्र जेवणाच्या टेबलावर तीच मोठ्याने वाचते, आणि तोवर कुणी घास घ्यायचा नाही असा तिचा हुकूम आहे. एखादं अवघड जोडाक्षर आलं की जेवण थंड झालंच म्हणून समजा. बाळ बरं आहे, दात येताहेत, त्यामुळे घरात सगळ्यांच्याच झोपेची बोंब आहे.

आता तक्रार, आणि ती तुमच्या भावाची. पुढच्या महिन्यात मी ग्रंथालयात परत रुजू होणार. एकीला शाळेत, एकाला पाळणाघरात सोडून कामावर पोचायचं तर दुसरी गाडी हवीच. त्याची काचा बसवायच्या कामाची व्हॅन म्हणजे नुसतं काचांचं फडताळ, तिथे मुलं कुठे बसवणार? मी एक लहानशी, जुनी पण धडधाकट गाडी बघून ठेवली होती. पेट्रोल बेताचं खाते, गल्लीत वळते, आपल्याला झेपते. पण हे महाशय हट्टाला पेटलेत. म्हणे क्लच-गियरची नको, आपोआप गियर बदलणारीच हवी. सीट उंच हवी. दार पूर्ण उघडायला हवं. मागची डिकी मोठी आणि सपाट हवी. छोट्या गाडीत याला घोडा बांधायचाय की काय, ते कळत नाही! अशी गाडी मिळते, पण दीडपट महाग. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं मला ऐकवणारा माणूस आता कर्ज काढू म्हणतो. बरं, गाडी चालवणार मी. मी ही एवढीशी, उंच सीटवर बसले तर माझे पाय लोंबतील.

हल्ली चिडचिडही फार करतो. परवा कामावर एक मोठी काच हातातून निसटून फुटली. लागलं कुणाला नाही, सोबत्याचा धक्का बसला म्हणाला. तेव्हापासून तर तोंडाला कुलूपच आहे.

मोठी खरेदी असली की आधी थोरल्यांना पत्र लिहायचं, ही तुमच्या घरची रीत. त्याने लिहिलं नाही म्हणून मी लिहितेय. तुमचं तो ऐकेल.

माझ्यावरचा लोभ असू द्या, भावाचा कान मात्र पिळा.

तुमची,
भावजयबाई

---

९ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवलंय. घरी पाठवलं असतं तर लेकीने टेबलावर खणखणीत वाचून दाखवलं असतं, आणि हे तिने वाचायचं नाही.

भावजयबाईंची तक्रार आली. आधी मी हसले. मग पुन्हा वाचलं आणि हातातली सुई खाली ठेवली. मी दिवसभर सोफे आणि खुर्च्या मढवते, हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक दुकानात आलं की ते बसतं कसं ते मी बघत नाही, उठतं कसं ते बघते. उंच सीट कुणाला लागते हे मला कुणी सांगायला नको. क्लच नको, दार मोठं हवं, डिकीत चाकाची खुर्ची आडवी मावेल एवढी जागा हवी. ढब्बू, बाबांनी शेवटची गाडी घेतली तेव्हा त्यांनाही नेमकं हेच हवं होतं. त्यांचं वय तेव्हा तुझ्याएवढंच होतं.

म्हणून सरळ विचारते. तुझ्या डाव्या बुटाचं टोक झिजतंय का? जिना चढताना पाऊल अडकतं का? ती काच सोबत्याच्या धक्क्याने फुटली, की पायाने दगा दिला?

बाबांनी आईपासून लपवलं होतं. त्या दिवशी त्यांचा पाय पेडलवरून उठेना आणि गाडी भिंतीवर गेली, तेव्हा मागच्या सीटवर आपण दोघं होतो. तू लहान होतास, तुला फक्त काच फुटल्याचा आवाज आठवतो म्हणतोस. मला आईचा चेहरा आठवतो. तिचा मोडलेला हात बरा झाला, पण बाबांशेजारी ती पुन्हा कधी निर्धास्त बसली नाही. आजार तिने निभावला रे, चांगला निभावला. लपवणं तिला कधी पचलं नाही.

तुझ्या बायकोला तू लग्नाआधी सगळं सांगितलंस, हे दुखणं आपल्यापैकी कुणालाही गाठू शकतं हेही सांगितलंस, तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. तिने एकच अट घातली होती. पहिली खूण दिसली की आधी तिला सांगायचं. ती अट तू माझ्यासमोर कबूल केली होतीस.

डॉक्टरांनी मला तपासून मोकळं केलं. माझ्या वाट्याला ते आलं नाही. हे तुला लिहिताना मला लाज वाटते, जणू तुझ्या ताटातलं मी ओढून घेतलं. पण म्हणून मी गप्प बसणार नाही. तिला सांग. ती पुन्हा मला विचारेल, आणि मी तिच्याशी खोटं बोलणार नाही.

आशीर्वाद आहेतच, आज ते जरा खडसावून दिलेत इतकंच.

तुझी,
ताई

---

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हो. बुटाचं टोक झिजतंय. जिन्यात पाऊल अडकतं. काच पायामुळे पडली आणि सोबत्याचं नाव मी घेतलं. तो बिचारा मालकाची बोलणी खाऊन गप्प राहिला. डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, सुया टोचल्या, आणि मला आधीच माहीत असलेलं सांगितलं.

गाडीचंही तू बरोबर ओळखलंस, पण अर्धंच. ती गाडी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी हवीय. व्हॅनचा क्लच दाबताना मला घाम फुटतो. बिनक्लचची मिळाली तर उजव्या पायावर आणखी काही वर्षं निघतील, कुणाला कळणारही नाही. मुलांना शाळेत सोडायचं मी माझ्याकडे घेईन. बाप गाडी चालवतोय, एवढं तरी मुलांना आठवू दे.

तू तिथून उंटावरून शेळ्या हाकतेस. इथे सकाळी ती माझ्या हातात बाळ देते आणि मागे वळूनही न बघता आंघोळीला जाते. तिने न बघता जाणं, त्यातच माझं सगळं आलं. एकदा सांगितलं की बाळ देताना ती माझ्या पायांकडे बघेल. आणि मग कधीतरी मुलांच्या पायांकडे बघेल. ते मला सोसणार नाही, ताई.

थोडा वेळ दे. गाडी घेऊ दे, ती कामावर रुळू दे, मग सांगतो. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी सह्या करायच्या आहेत. तोवर तिला काही लिहू नकोस, तुझ्या पाया पडतो.

लोभ कमी केलास तरी चालेल, तोंड मात्र बंद ठेव.

तुझा,
ढब्बू

---

२० मार्च

माझ्या लाडक्या वाचकबाई,
गोड गोड पापा.

आधी पाणी पी. मग सावकाश वाच. तुझी आत्या मजेत आहे.

पुढची ओळ आईसाठी. ती मोठ्याने वाच.

भावजयबाई, गाडीच्या कागदावर अजून सही करू नकोस. तुझ्या नवऱ्याला उंच सीट का हवी ते मला कळलं आहे. पण ते सांगायचं काम माझं नाही, त्याचं आहे. आज जेवण झालं की तो सांगेल. सांगताना रडला तर रडू दे.

आता ही ओळ बाबासाठी. ढब्बू, तुझा मला राग नाही.

आणि ही तुझी ओळ. छान वाचलंस. बाळाला गुदगुली कर. आता जेवा.

तुझी,
आत्या

---

२३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

पाकीट उघडताना मी तिथेच होतो. आत्याचं पत्र म्हणून पोरीने खुर्चीवर चढून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला मला कळलं काय चाललंय ते. कागद हिसकावून घ्यावा असं मनात आलं. पण तिचं बोट ओळीवर होतं, शब्द न अडखळता येत होते म्हणून चेहरा असा फुलला होता, की माझा हात पुढे होईना. तिने सगळं नीट वाचलं. मग आम्हा दोघांकडे बघून शाबासकीची वाट बघत उभी राहिली. बायकोने तिला शाबासकी दिली. मी देऊ शकलो नाही.

मुलांना शेजारच्या काकूंकडे सोडून ती मला खाली व्हॅनपाशी घेऊन गेली. दार लावून बोलता येईल अशी आमच्याकडे तेवढीच जागा. काचांच्या चौकटीला टेकून मी सांगितलं. मी रडलो. ती रडली नाही. तिने फक्त माझा डावा बूट काढायला सांगितला, हातात घेऊन त्याचं टोक अंगठ्याने चाचपलं आणि विचारलं की हे केव्हापासून. मी म्हणालो, बाळाच्या आधीपासून. तिने बूट माझ्या पायाशी ठेवला आणि मुलांना आणायला वर गेली.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळतं गं. पण तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. शिडीवर चढायचं नाही, मुलांना गाडीत घेऊन जायचं नाही, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे ती सोबत येणार, असं तीन वाक्यांत सांगून मोकळी झाली. बाळ माझ्या हातात देते, पण आता दोन क्षण थांबते. तुझ्यावर मी चिडलोय आणि तुझ्याशिवाय हे लिहायला मला कुणी नाही. आमचं घर राहील का, एवढंच मला कळत नाहीये.

आशीर्वाद असतील तर पाठव.

तुझा,
ढब्बू

---

३ एप्रिल

ती. ताईंना,
सा. नमस्कार वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते टाकाऊ झालं असतं. तुमचाही राग आला होता. तुम्हाला कळलं होतं, तर त्याच दिवशी मला का नाही लिहिलंत? मग वाटलं, तुमच्याकडून कळलं असतं तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं. निदान सांगितलं तरी त्यानेच, ढकलून का होईना.

तुमच्या भावाने तुम्हाला लिहिलं असेल की मी रडले नाही. परवा रुजू झाले, त्याच दिवशी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत रडून घेतलं. लग्नाआधी मी ती अट घातली ती काही मोठ्या मनाने नव्हे. माझ्याच घरात मला सगळ्यात शेवटी कळावं, याची मला भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर, जिन्यात त्याचं पाऊल अडकल्याचा आवाज मलाही येत होता. मला दिसत होतं, मी बघत नव्हते. त्यामुळे सगळा राग त्याच्यावर काढायची सोय राहिली नाही. तरी राग आहे, आणि बरेच दिवस राहील.

गाडी घेतली. शोरूममध्ये शिरल्याबरोबर सवयीने तो स्टिअरिंगसमोर जाऊन बसला. मी त्याला उतरवलं, दुसऱ्या बाजूने यायला सांगितलं, आणि प्रत्येक गाडीत शेजारच्या सीटवर बसून उठून दाखवायला लावलं. विकणारा मुलगा चक्रावून गेला. एकदा त्याला उठता येईना. चेहरा लाल झाला, मला वाटलं आता निघूनच जातो. नाही गेला. शेवटी मी बघितली होती त्याच जातीच्या, पण जरा उंच सीटच्या गाडीतून तो दाराला हात लावून नीट उठला. त्याच्या कामाच्या टेपने डिकी मोजली. घडीची खुर्ची आडवी बसते. झेपेल अशी आहे, कर्ज नाही.

आणि ताई, गाडी क्लच-गियरची घेतली. मी मुद्दामच तशी घेतली. त्याने हळूच विचारलं, आपोआपवाली का नको? मी सांगितलं, तुला चालवता येऊ नये म्हणून. एखाद्या दिवशी मला उशीर होईल, मुलं शाळेच्या दारात उभी असतील, आणि तो म्हणेल की आज जमतंय. तो मोह मला घरात नको. त्याचा चेहरा पडला. माझं मन काही दगडाचं नाही, पण शब्द मागे घेतले नाहीत.

आता व्हॅन सोबती चालवतो. हा बाकावर बसून काचा कापतो. त्या फुटलेल्या काचेचं खरं काय ते मालकाला स्वतःहून जाऊन सांगितलं, हे मला सोबत्याच्या बायकोकडून कळलं.

काल पहिल्यांदा चौघं निघालो. मी चालवत होते, मुलं मागे. चढावर गाडी अडकली, मी घाईने क्लच दाबला, आणि शेजारी यानेही सवयीने रिकाम्या जमिनीवर डावा पाय दाबला. चढ संपला तरी त्याचा पाय तसाच राहिला, उठेना. मी बघितलं. मी बघतेय हे त्यालाही दिसलं. एरवी त्याने खिडकीबाहेर काहीतरी दाखवलं असतं, मुलांना हाक मारली असती. काल त्याने तसलं काही केलं नाही. माझ्यासमोर, दोन्ही हातांनी गुडघा धरून त्याने पाय उचलला आणि जवळ ओढून घेतला.

लेक विचारतेय की आत्याचं पत्र कधी येणार. यापुढे घरच्याच पत्त्यावर लिहा. आम्हा सगळ्यांवर माया असू द्या, ती आता लागणार आहे.

तुमची,
भावजयबाई