डाळ मिलमधली ट्रंक बुकिंग

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

उदगीर, सोमवार

प्रिय मंजुश्री हिस शिवकांताचे शरणार्थ.

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. (तुझ्या शिल्पाने पाठवलेल्या फोटोत तू उभी होतीस, म्हणजे बरे असावेत.) इकडे तुरीचा हंगाम. माझ्या भाच्याच्या, अमरनाथच्या, डाळ मिलवर पाय ठेवायला जागा नाही, आणि नेमका याच गर्दीत त्याने नवा फोन घेतला. फोन म्हणजे एक डबा, चौदा टेबलांवर चौदा फोन आणि डब्याला हुकूम द्यायला एक कॉम्प्युटर. बसवायला लातूरहून धम्मानंद नावाचा इंजिनिअर आला, फार सालस. कोणत्या टेबलावरून बाहेर कुठे फोन लागू द्यायचा ते सांगा, तसे नियम भरतो, म्हणाला. अमरनाथने सांगितलं, आत्याला विचारा, तिने इथल्या एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं हेच केलंय. मंजू, रिटायर झाल्यापासून मला कुणी कामाचं काही विचारलेलं नव्हतं. (मेथी निवडता का, हे सोडून.) मी नवं इरकल नेसून गेले.

धम्मानंदने समजावलं. फिरवलेला नंबर डबा वरच्या ओळीपासून खाली ताडून बघतो आणि जी पहिली जुळेल तिच्याप्रमाणे फोन सोडतो. दोन आकडी नंबर मिलमधल्या मिलमध्ये, दहा आकडी मोबाईल सगळ्यांना खुला, शून्याने सुरू होणारा परगावचा फक्त अमरनाथला आणि मुनीम सिद्रामप्पांना, परदेश कुणालाच नाही. अशा, आणखी दोन धरून, सहा ओळी झाल्या. मी विचारलं, यातल्या कशातच न बसणारा नंबर आला तर? तो म्हणाला, मग लागत नाही, तुटतो. हे मला पटेना. आपण दोघींनी एक्स्चेंजमध्ये कधी असा कुणाचा तोडला होता का? मी सातवी ओळ सुचवली, की जे कुठंच बसत नाही ते चौदाव्या, रिकाम्या टेबलावर माझ्याकडं पाठवा, मी विचारून लावून देईन. त्याला कौतुक वाटलं. ही ओळ तुम्हीच भरा, म्हणाला, आणि जेवायला गेला.

मी भरली. पाचच मिनिटांत मिलमधला एकूण एक फोन माझ्याकडं येऊ लागला. तळाशी बसायची माझी ओळ सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली होती, आणि तिच्यात तर काहीही बसतं. पहिला फोन उचलला तर तोंडातून आपोआप निघालं, "नंबर प्लीज." पलीकडं सिद्रामप्पा. "आत्याबाई, तुम्ही कशाला उचलून राहिल्या?" मी त्यांना गुलबर्गा लावून दिलं. (माझ्या टेबलाला सगळीकडची मुभा होती.) मग श्रीमंत वॉचमन. त्याला चाकूरला लेकीशी बोलायचं होतं. लावून दिला आणि, तुझ्यापासून काय लपवायचं, क्षणभर कान लावला. लेकरू दूध पिऊन राहिलं का, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. कान काढून घेतला. मग खुद्द अमरनाथ, हैदराबादसाठी. सवयीने मी विचारलं, ट्रंक कॉल ऑर्डिनरी की अर्जंट? तो म्हणाला, "अर्जंट, आत्या."

तीन तास, मंजू. कानावर हेडफोनचा तो चिमटा बसल्यासारखा वाटत होता. निजामाबादची ती ऑपरेटर आठवते का, "चेप्पंडी, सांगा" म्हणणारी? तोंड कधी पाहिलं नाही तिचं, पण सर्दी झाली की तिच्या घरच्यांआधी आपल्याला कळायचं. आणि देवणीचे बसलिंगप्पा, ज्यांचा मुलगा फौजेत होता? तीन मिनिटं संपली, सहा झाली, तरी तू "टाइम ओव्हर" म्हणाली नाहीस, कारण इकडं बाप आणि तिकडं मुलगा, दोघंही नुसतेच गप्प होते. सुपरवायझरने विचारलं तर तू म्हणालीस, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही. असा नियम कोणत्या ओळीत भरायचा ते मी धम्मानंदला विचारणार होते, पण राहून गेलं.

तो जेवून आणि किल्लाही बघून आला. (लातूरची माणसं इथवर येऊन किल्ला न बघता जात नाहीत.) त्याने माझी ओळ बोटाने उचलून खाली ठेवली आणि फोन थांबले. अमरनाथ हळूच म्हणाला, "जुने दिवस आठवले असतील तुला, चालायचंच." त्या गोष्टीला आठवडा झाला. माझा फोन टेबलावर आहे, पण सातव्या ओळीत बसणारा एकही आला नाही. सगळं जग पहिल्या सहांत बसतं म्हणायचं.

भाऊजींना शरणार्थ, शिल्पाला आशीर्वाद.

तुझी
शिवकांता

ता. क. मी ती ओळ हौसेने वर घातली असं सगळे समजतात, मीही समजू दिलं. खरं म्हणजे ओळीचा क्रमांक भरायचा होता सात, मी भरला एक. पडद्यावर मला दोन्ही सारखेच दिसले. डाव्या डोळ्यासमोर वर्षभर धुकं आहे आणि आता उजवाही त्याच्या मागं निघालाय. या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.

आणखी ता. क. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला पुढचा गुरुवार दिलाय. पंधरा मिनिटांचं काम म्हणतात. अमरनाथला मी नुसती तपासणी आहे म्हणून सांगितलं, आणि मंजू सोबत येणार आहे, आमचं बोलणं झालंय, असंही सांगितलं. बोलणं झालेलं नाही. तू ये. काही करायचं नाही, माझी पिशवी धरून दाराबाहेर थांबायचं. मला लई भीती वाटून राहिली गं. फोनवर विचारलं असतं तर पहिल्या शब्दालाच तू आवाजावरून ओळखलं असतंस आणि माझ्याच्यानं पुढं बोलवलं नसतं, म्हणून पत्र.