दानीला हेळबेड

आई,
शाळेला चालले. तुझ्या गोळ्या भाकरीच्या दुरडीजवळ ठेवल्यात, काहीतरी खाऊनच घे.

काल मैंदर्गीच्या मावशीशी फोनवर बोलताना तू मधेच कन्नडात शिरलीस, तिथंच मला संशय आला. ‘दानीला हेळबेड’ म्हणजे दानीला सांगू नको, एवढं कळतं की मला. तुझ्या छातीच्या गाठीचा जीनचा रिपोर्ट आलाय ना? पप्पा तर म्हणाले, अजून यायचाय. मग मावशीलाही तपासून घ्यायला का सांगितलंस? त्या जीनमुळे गाठ परत यायची भीती असते का? आणि आईचे निम्मे जीन लेकीत येतात, हे आमच्या दहावीच्या बाईंनीच शिकवलंय.

रिपोर्ट कपाटातच असणार, पण कपाट मी उघडणार नाही. संध्याकाळी तूच सांग. मराठीत जड जात असेल, तर कन्नडात सांग.

दानी