जीपचं डावं दार

अप्पा, शनिवारी मी बीडच्या हॉस्टेलवरून एसटीनं चौसाळ्याला उतरायचे, तेव्हा तुम्ही आपल्या गाड्या रंगवायच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले असायचात आणि खिशातून लाल गोळी काढून द्यायचात. अर्धी चोखून झाली की मी ती बोटांत धरून उन्हाकडे करायचे. "बघा अप्पा, आतून पेटल्यासारखी दिसते." रंगाच्या डब्यावरचा 'कँडी' हा शब्द मीच तुम्हाला समजावून सांगितला होता. पुढं तुम्ही गिऱ्हाइकांना तेच ऐकवायचात, "चोखलेल्या गोळीवानी दिसंल गाडी." हे लेकीचं बोलणं आहे, असं कधी कुणाला सांगितलं नाहीत. तेव्हा राग आला नव्हता. आता येतो.

रंगही मीच कालवायचे. आधी चंदेरी बेस, त्यावर लाल सरबतासारखा पारदर्शक रंग, पातळ पातळ, एकावर एक. प्रत्येक हाताला तो गडद होत जातो. कुठं थांबायचं ते डोळ्यानं ठरवायचं, आणि तो डोळा माझा होता. आईच्या मांडणीवरचा स्टीलचा चमचा उचलून त्याच्या फुगीर पाठीवर तुम्ही आधी रंग मारून बघायचात, कारण मडगार्डची गोलाई घरात दुसऱ्या कशाला नव्हती. आई करवादायची, "आमटी काय हातानं वाढू?" तुम्ही हसत चमचा उन्हात धरायचात. "अजून एक हात?" मी म्हणायचे, "नको, थांबा." आणि तुम्ही थांबायचात. एवढा विश्वास होता. पण रंग फवारायची गन माझ्या हातात दिली नाहीत. नुसती धरायला मागितली तरी म्हणायचात, "ठिव ते. तुझं काम झालं."

माजलगावकडच्या मालकांची जीप आठवते? गंजून गेलेली, तुम्ही पत्र्यापासून नवी केलेली. मालक येतात, बॉनेटवर हात फिरवतात. "रंग कुणी बनवला रे? लई भारी हाय." मी तिथंच उभी आहे, नखांत लाल, शाळेच्या स्कर्टवर थिनरचे डाग. तुम्ही माझ्याकडे बघता. मग म्हणता, "पोरानं, मालक." भाऊ तेव्हा टायरात हवा भरत होता. मालकांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या गळ्यात घातलं. जेवताना तुम्ही मला म्हणालात, "कावून तोंड पाडलंस? तुला परक्या घरी जायचं हाय. गिऱ्हाईक काय तुझ्या मागं सासरी येणार हाय व्हय?" आणि स्वतःच हसलात. आई हसली नाही. भाऊही हसला नाही.

तीच जीप गेल्या महिन्यात दुकानात परत आली. डावं दार फाटकाला घासलेलं. मालकांच्या नातवाला लग्नात तीच हवी होती. भावानं ओरखड्यापुरताच रंग मारला. कँडीला ठिगळ चालत नाही, हे तुम्ही ज्याला गादीवर बसवलंत त्याला कळू नये? ठिगळाच्या कडेनं रंगावर रंग चढला आणि दारावर काळपट कडं उमटलं. मग मला फोन. "ताई, शेड बसंना. तू ये."

मी गेले. अख्खं दार पत्र्यापर्यंत घासायला लावलं. पुन्हा बेस. जुना लाल घेऊन भागणार नव्हतं, बाकीची जीप इतक्या उन्हाळ्यांत फिकी झालेली. म्हणून उतरलेला, किंचित नारिंगी लाल कालवला आणि चमच्यावर बघितला. भावानं गनकडे हात नेला. मी म्हणाले, "ठिव ते." अगदी तुमच्या आवाजात. तो गपकन मागं सरला. दार मी मारलं, अप्पा. मनगट न वळवता, दाराच्या अलीकडून सुरू करून पलीकडं सोडत, दुकानाच्या उंबऱ्यातून वर्षानुवर्षं तुमचं बघितलं होतं तसं. अजून एक हात? मीच विचारलं. मीच थांबले. दार जुळलं. या वयात, गुडघे दुखत असताना, हे मला पहिल्यांदा करायला मिळावं, याला जबाबदार तुम्ही आहात.

नातू आला, दारावरून हात फिरवला. भाऊ सवयीनं म्हणाला, "अप्पांचाच रंग हाय, दादा."

"दार मी मारलंय," मी म्हणाले. "आणि तुमच्या आजोबांच्या वेळचा रंगही मीच कालवला होता."

तो गडबडला. "मॅडम, तुम्ही? हे कुठं शिकलात?"

इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं सगळं बोलायची हीच वेळ होती. आणि माझ्या तोंडून गेलं, "अप्पांनी शिकवलं." तुम्ही शिकवलं नव्हतंत. तुमची लाज राखायला मी खोटं बोलले, आणि तुमच्यावर आहे तेवढाच राग आता माझा माझ्यावरही आहे.

तर ऐका, तुमच्या मागं राहिलेल्याची वाटणी. कॉम्प्रेसर आणि दुकानाची पाटी भावाची. गन त्याच्या लेकीला द्यायची. तिनं मागायची वाट न बघता, आणि कशी धरायची ते मी दाखवणार. आईचे रंगवलेले चमचे वहिनीला, सोबत आमटीसाठी नवे. गन भाचीला देताना तिच्या पेटीत हे पत्रही ठेवणार होते. पण ती रोज तुमच्या फोटोला हात जोडून कॉलेजला जाते, तिच्या पदरात हे कशाला? जीपचा रंग बघितलेला पहिला लाल चमचा आणि हे पत्र माझ्या कपाटात राहील.