खुर्ची, नवस आणि मायकलचा हिस्सा

मी, शिमोन एलायझर किहीमकर, राहणार वेम्बली, लंडन, धंदा सुतारकी, आता निवृत्त, वय एक्याऐंशी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, ते मी न अडखळता म्हटले. मला कोणी दम दिलेला नाही, की गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. याआधी काही लिहिलेले सापडले तर ते रद्द समजावे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. सॉलिसिटर म्हणाला, मराठीत लिहिले तरी चालते, मागाहून भाषांतर करून घ्यावे लागेल. भाषांतर करणाऱ्याला विनंती की त्याने माझे काही सुधारू नये.

१. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माझी मुलगी सीमा, राहणार एजवेअर, हिने करावे. तिने घाई करू नये. ती सगळ्यातच घाई करते. माझे दफन माझी बायको दिना हिच्या शेजारी व्हावे, जागा घेऊन ठेवलेली आहे. मी शुक्रवारी गेलो तर शब्बाथच्या आत, म्हणजे सूर्य मावळायच्या आत, उरकायला सर्वांची धावपळ होईल, त्याला माझा इलाज नाही. मी गेल्यावर पहिल्यांदा बॉयलर बंद करावा. तो तिला वाटते तसा आपोआप बंद होत नाही.

२. माझे राहते घर अर्धे सीमाला आणि अर्धे माझा नातू मायकल याला. मायकल हा माझ्या मरण पावलेल्या मुलाचा, आयझॅकचा, मुलगा. त्याच्या आईने दुसरे लग्न केले, ते चांगलेच केले. पोर आमच्याकडे वाढले. मायकलच्या हिश्श्याला एक अट आहे. त्याने घरी यावे, पुढच्या खोलीत उभे राहावे आणि सीमाने त्याला डोळ्यांनी बघावे. तोपर्यंत घर विकू नये.

सीमा म्हणते, "पप्पा, दोन वर्षं झाली त्याचा फोन नाही. घर असं किती दिवस धरून ठेवायचं?"

मी म्हणतो, "येईल."

ती म्हणते, "आणि नाही आला तर?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, कारण ते उत्तर मला शनिवारी संध्याकाळी ऐकू येते. त्याबद्दल पुढे खुर्चीच्या कलमात लिहितो.

३. शेडमधली हत्यारे. रंधे, पटाश्या, गिरमिटे आणि दोन्ही करवती सिनेगॉगच्या हॉलची डागडुजी करणाऱ्यांना द्याव्यात. माझे मेहुणे, जे दरवेळी "शिमोन, एक रंधा दे ना" म्हणतात आणि दिलेला परत करीत नाहीत, त्यांना एकही देऊ नये. त्यांच्याकडे माझे तीन आहेत, तेवढे पुरेत.

४. शेजारी परीक्षित आणि देवयानी खानझोडे. ही नागपूरची मुले, दोघेही कॉम्प्युटरमध्ये. मला काही वाचून दाखवायचे असले की येतात. ते साक्षीदार होणार म्हणून कायद्याने त्यांना काही देता येत नाही, असे सॉलिसिटरने दोनदा बजावले. सबब त्यांना काहीही देत नाही. गवत कापायचे यंत्र मी त्यांना जिवंतपणीच, उद्याच, देऊन टाकीन. म्हणजे ते या कागदात येत नाही.

५. टीव्ही, खेळाचे वर्गणीचे चॅनल, आणि तीन कॉलेजांच्या तीन टोप्या. यांचे काय करायचे ते सीमाने ठरवावे, पण ह्या टोप्या माझ्याकडे कशा आल्या ते लिहिले पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला काय हे खूळ.

मायकल शाळेत रग्बी खेळायचा. मग ईलिंगच्या मैदानात अमेरिकन फुटबॉल खेळू लागला. त्यात चेंडूला पाय कमीच लागतो, एकमेकांवर आपटणे जास्त. अमेरिकेत हा खेळ कॉलेजांत चालतो आणि लाख लाख माणसे बघायला येतात. तिथले कोच पोरे मिळवायला घरोघरी जातात, स्थळ बघायला गेल्यासारखे. सोफ्यावर बसतात, आजीच्या हातचे खातात, मुलाचे गुण गातात, आणि उठताना मुलगा मागतात. कोच रॅफर्टी आमच्याकडे आला तो असा.

तो यायचा होता दुसऱ्या दिवशी. मायकलचे खांद्याचे हाड मोडले होते ते सांधले, म्हणून त्या संध्याकाळी दिनाने मलिदा केला होता. भाषांतर करणाऱ्याला कळावे म्हणून लिहितो. मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, लोकांचा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाचा प्रसाद. गोड केलेले पोहे, ओले खोबरे, वेलची, फळे, वर गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हनाबी परक्या माणसाच्या रूपात, न कळवता दारात येतो, असे दिनाच्या माहेरी मानीत. मलिद्याचे ताट टेबलावर आणि दारावरची बेल वाजली.

दिना म्हणाली, "अहो, उघडा ना. ताट मांडलंय आणि दार वाजलं."

मी म्हणालो, "पार्सलवाला असेल."

"पार्सलवाला असला तरी आत घ्या."

दारात हा सहा फुटी माणूस, भिजलेला. विमान बदलले म्हणून एक दिवस आधी आलो, माफ करा, म्हणाला. आत आला आणि सरळ जाऊन आमच्या रिकाम्या खुर्चीत बसला. ती खुर्ची मी मायकलच्या सुंतेसाठी केली होती, जुन्या सागवानी बाकाच्या लाकडाची. ती एलियाहू हनाबीची खुर्ची, सुंतेला त्याच्यासाठी मांडतात ती. बाळाला तिच्यावर क्षणभर ठेवले होते, त्यानंतर तिच्यात कोणी बसले नाही. ती त्याच्या वजनाने कुरकुरली. मी उठवायला निघालो तर दिनाने मला डोळ्यांनी गप्प केले.

रॅफर्टीने मलिदा हाताने खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. मायकल इंग्रजी-मराठी दोन्हीकडून बोलत होता, "आजी, कोच म्हणतात असा टेस्टी गोष्ट त्यांनी कधी नाय खाल्ला." दिना मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. ती लक्ष देऊन ऐकायची तेव्हा तशी करायची. मग तिने विचारले, पोराकडे बघणारे कोण. रॅफर्टीने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, मी आहे, मी कुठेही जाणार नाही, हा शिकून होईपर्यंत मी तिथेच आहे.

तो गेल्यावर दिना म्हणाली, "हा पाठवलेला माणूस आहे. याला नाही म्हणायचं नाही." आणि तिने नवस बोलला, मायकल शिकून सुखरूप घरी आला की पुन्हा मलिदा करीन.

आमची चूक झाली ती इथे. पगारावर फिरणाऱ्या माणसाला देवाचा पाहुणा समजून आम्ही पोरगे दिले.

पहिल्याच हिवाळ्यात रॅफर्टी मोठ्या कॉलेजात गेला. मायकलला ते टीव्हीवरून कळले. नवा कोच आपली पोरे घेऊन आला आणि मायकलला म्हणाला, तुझी इथे गरज नाही. दुसरे कॉलेज घेतले, तिथला कोच हाकलला गेला. तिसरे घेतले, तिथलाही गेला. दर वेळी मी नवी टोपी मागवली.

या सगळ्यात मी त्या खेळाचा आणि त्याहून जास्त कोचांच्या ये-जा करण्याचा नादी झालो, हे खरे आहे. शनिवारी अंधार पडून शब्बाथ सुटला, हवदाला म्हणजे त्याच्या निरोपाची प्रार्थना झाली की मी टीव्ही लावतो. डिसेंबरात कोच बदलतात, तेव्हा तिथले चाहते खाजगी विमाने कुठून उठली आणि कुठे उतरली ते बघत बसतात आणि त्यावरून कोण कुठे जाणार ते ओळखतात. परीक्षितने मलाही ते दाखवले. मी ते ठिपके बघत बसायचो आणि म्हणायचो, बघ, याच्यात कोणाच्या तरी पोराला शब्द दिलेला माणूस पळतोय.

चाहत्यांच्या वेबसाइटवर "ओल्डग्रॅड" नावाच्या इसमाने माझ्या नातवाबद्दल लिहिले होते की हा नुसती जागा अडवून बसला आहे. त्या इसमाला माझ्याकडून काही मिळू नये. त्याचा पत्ता मला ठाऊक नाही हे त्याचे नशीब.

६. खुर्ची. हे कलम मी सर्वांत शेवटी लिहिणार होतो, पण आताच लिहून टाकतो.

दिना गेली तेव्हा मायकल येऊ शकला नाही. आमच्यात दुसऱ्या दिवशी माती देतात, आणि त्याला सोडायला कोच तयार नव्हता. मायकल फोनवर म्हणाला, "आजोबा, मी येतो ना, पुढच्या वीकमध्ये येतो." मी म्हणालो, "ती आता कुठे जात नाही. ये सावकाश." तो आला नाही. थोडे दिवस फोन आले, मग तेही थांबले. तिसऱ्या कॉलेजाच्या यादीतून त्याचे नाव गेले. कॉलेजला विचारले तर माहिती देता येत नाही म्हणाले.

तेव्हापासून दर शनिवारी सामना सुरू झाला की ती खुर्ची वाजते. एकदाच, कोणी जड माणूस सावकाश टेकावा तशी. मी सुतार आहे. खिळखिळी खुर्ची कशी वाजते ते मला कळते. तिचे सगळे सांधे उसवून पुन्हा सरस भरला, पायाखाली नमदा लावला. तरी वाजते, आणि वेलचीचा वास येतो. माझ्या घरात दिना गेल्यापासून वेलची नाही.

पहिल्यांदा वाटले दिना असेल, नवस राहिला म्हणून. पण दिना हलकी होती. मग वाटले रॅफर्टीचा शब्द तिथे बसलाय. पण दोन वर्षे माझ्या मनात तिसरेच नाव आहे, मी ते तोंडाने उच्चारत नाही. जिवंत माणूस असा येत नाही.

ही खुर्ची मी गेल्यावर मोडून टाकावी. मला स्वतःला करवत लावायचे धाडस झाले नाही. एकदा लावली होती, पण मनात आले की तो बसलेला असला तर.

७. हे कलम मी आज, शनिवारी, साक्षीदार घरात असताना लिहीत आहे. वरचे सगळे या आठवड्यात लिहून ठेवले होते. शब्बाथ सुटल्यावर परीक्षित आणि देवयानी सहीसाठी आले.

परीक्षित म्हणाला, "काका, रॅफर्टी परत उडाला. नवीन कॉलेज. तुम्ही विमान बरोबर ओळखलं होतं."

मी म्हणालो, "आधी सही. मग त्या मेल्याचं बघू."

तो म्हणाला, "काका, त्याने नवीन स्टाफ घेतलाय. आधी हे बघाच."

फोनवर फोटो होता. कोणाची तरी पुढची खोली, कोपऱ्यात ख्रिसमसचे झाड. सोफ्यावर एक म्हातारी बाई, शेजारी उंच मुलगा. आणि मोठ्या खुर्चीत, बहुतेक त्या बाईंच्या नवऱ्याच्या, रॅफर्टीच्या नव्या कॉलेजचे जाकीट घालून मायकल. अंगाने भरलाय, दाढी ठेवलीय. पुढ्यात खाण्याची बशी.

देवयानीला माझी भीती माहीत होती. ती म्हणाली, "काका, जिवंत आहे हो तो." मग माझ्यासाठी तिने पाणी आणले.

मी पाणी प्यायलो आणि फोटो पुन्हा बघितला. मायकलने त्या बाईंचा हात दोन्ही हातांत धरला होता. ती बाई मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. तो काय म्हणत होता ते मला वाचून दाखवायची गरज नव्हती.

परीक्षित म्हणाला, "फोटोखाली त्याचं नवीन अकाउंट आहे. मेसेज टाकू? घरी ये म्हणून? आत्ता टाकतो."

मी त्याला थांब म्हणालो. दोन वर्षे मी याच एका गोष्टीसाठी दार लावताना कडी घालत नव्हतो, आणि मी थांब म्हणालो.

तेव्हा कलम दोनमधली अट मी या कलमाने रद्द करतो. मायकलने घरी येऊ नये. फोटोतल्या त्या मुलाचे कॉलेज पुरे होईपर्यंत त्याने तिथून हलू नये. रॅफर्टी पळाला तरी, दुसरीकडून मोठे बोलावणे आले तरी. त्याला काढून टाकले तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा त्याने त्या बाईंच्या घरी जाऊन, त्याच खुर्चीत बसून, स्वतःच्या तोंडाने सांगावे. मुलगा शिकून आपल्या घरी सुखरूप पोचला की अर्धे घर मायकलचे. मधेच सोडून गेला तर सगळे सीमाचे. सीमाने तोवर घर सांभाळावे आणि माझ्यावर रागावावे, चालेल.

दिनाचा नवस मी मायकलच्या नावे करतो. तो मुलगा घरी पोचेल त्या दिवशी मायकलने मलिदा करावा, कुठेही असला तरी. पोहे नुसते धुऊन निथळावेत, भिजत घालू नयेत.

खुर्ची मोडू नये. ती मायकलची आहे. नवस फिटल्यावर त्याने ती घ्यायला यावे. तेव्हा मी नसेन, हे मला कळते.

परीक्षितकडून एवढेच पाठवले आहे: "त्या बाईंना जे म्हणालास ते पाळ. आजोबा." वाचल्याची खूण आली. उत्तर आलेले नाही.

सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

शिमोन एलायझर किहीमकर
वेम्बली, लंडन. शनिवार, १३ डिसेंबर २०२५, शब्बाथ सुटल्यानंतर.

साक्षीदारांचे म्हणणे, देवयानीच्या हातचे: शिमोनकाकांनी आम्हा दोघांसमोर सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर. त्या वेळी खोलीत आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हते आणि टीव्ही बंद होता, असे काकांनी मुद्दाम लिहायला सांगितले. ते खरे आहे. खुर्ची वाजली, हेही खरे आहे. आम्ही दोघांनी ऐकली.

१. परीक्षित खानझोडे
२. देवयानी खानझोडे