धाकटीच्या दोन नळ्या

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय अळी,

सकाळी दहाला पार्सलच्या ऑफिसात गेलो. पुढे पाच जण होते. माझा नंबर आल्यावर काउंटरवरच्या बाईंनी खोक्यात काय आहे ते विचारलं, आणि मी खोकं उचलून परत आलो. घरी येऊन जेवलो आणि हे लिहायला बसलो.

रविवारी तू फोनवर मागितलेल्या धाकटी माश्यांच्या दोन नळ्या त्या खोक्यात आहेत. तुझा पुढच्या तीन वर्षांच्या कामाचा अर्ज त्यांच्यावर उभा आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल थोडं सांगायचं आहे. फोनवर ते जमलं नसतं. फोनवर मी फक्त 'हो' आणि 'बरं' म्हणतो.

अळी हे नाव तुला आईने ठेवलं. माशीच्या अळीला खाण्यापलीकडे काम नसतं, चार दिवसांत ती दोनशे पट वाढते. वर्षाची असताना तू वाटी चाटूनपुसून संपवायचीस आणि पुन्हा आ करायचीस. आई म्हणायची, "ही माणसाची पोर नाही मास्तर, अळी आहे." मी त्या नावाने तुला कधी हाक मारली नाही. आज मारावीशी वाटली.

मला मास्तर का म्हणायची, ते तुला तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असेल. खरं असं की ती लॅबमध्ये आली तेव्हा बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती आणि मी तीन वर्षं जुना टेक्निशियन. माश्या नव्या खाद्यावर कशा न्यायच्या, हे तिला मी शिकवलं. जुनी नळी टेबलावर आपटायची, माश्या तळाला पडल्या की कापसाचा बोळा काढायचा, नवी नळी तोंडाला तोंड लावून उलटी धरायची आणि दोन्ही फिरवून पुन्हा आपटायची. सगळं दोन सेकंदांत. तिच्या पहिल्या नळीतल्या निम्म्या माश्या माझ्या चष्म्यावर येऊन बसल्या. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "मारा छडी, मास्तर." पुढे ती डॉक्टर झाली, लॅबची प्रमुख झाली, माझ्या रजेच्या अर्जांवर सही करू लागली, तरी मी मास्तरच. एकदा मी कारणाच्या जागी 'पत्नीसह बाहेरगावी' असं लिहिलं, तर खाली शेरा आला : 'पत्नीला रजा आहे का ते आधी विचारावे.' तो कागद अजून माझ्याकडे आहे.

धाकटी सापडली तेव्हा तू पोटात होतीस. एका बाटलीत निम्म्या आकाराच्या माश्या निघाल्या. मी म्हणालो, उपाशी राहिल्या असतील, खाद्य बिघडलंय. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, सगळं नवीन आणून शिजवलं. पुढची पिढी तेवढीच लहान. पंख, डोळे, पाय सगळं प्रमाणात, मोडकंतोडकं काही नाही. आईने पंखावरच्या पेशी मोजल्या. संख्या नेहमीइतकीच होती, पण एकेक पेशी लहान. दिवसभर ती सूक्ष्मदर्शकावरून उठली नाही. शेवटी म्हणाली, "हिच्या पेशींना कुणीतरी लवकर 'पुरे' म्हणतंय. कोण ते शोधायचं." धाकटी हे नाव तिनेच ठेवलं. तो 'पुरे' म्हणणारा जनुक कुठल्या भागात आहे इथपर्यंत ती अठ्ठावीस वर्षांत पोचली. नेमका कोणता, ते राहिलं. म्हणूनच तू आता धाकटी मागते आहेस.

या माश्या पेशींसारख्या गोठवून ठेवता येत नाहीत. दर पंधरा दिवसांनी हाताने नव्या नळीत न्याव्या लागतात, नाहीतर वंश संपतो. सातशेच्या वर वेळा मी त्या नेल्या. आईचा नियम होता, दोन संच, दोन खोल्या, आणि दोन्ही एका दिवशी एका टेबलावर उघडायचे नाहीत. तू लहानपणी हा नियम पाढ्यासारखा म्हणायचीस.

ती हॉस्पिटलात गेली तेव्हा लॅब आडवाटेला पडू लागली, म्हणून मी दोन्ही संच घरी आणले. भेटायला येणारे केळी आणि द्राक्षं आणायचे. खाणारं कुणी नव्हतं, ती स्वयंपाकघरात पडून राहायची. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नळ्या बदलायची वेळ आली होती. सकाळी लवकर निघायचं होतं. मी दोन्ही संच जेवणाच्या टेबलावर घेतले आणि एका बैठकीत उरकले. पिकल्या केळ्यांवर घोंगावते ती आपलीच माशी, फक्त रानातली, आणि एक जरी नळीत शिरली तरी वंश बिघडतो, हे मी लॅबमधल्या प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी सांगत आलो. त्यानंतर तीन वेळा नळ्या बदलल्या, पण एकदाही सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिल्या नाहीत.

आई रोज विचारायची, "आपली धाकटी कशी आहे?" मी म्हणायचो, मजेत. जाण्याआधी आठ दिवस तिने नळी बघायला मागितली. शर्टाच्या खिशात घालून नेली. बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसलो होतो. सहज काढून पाहिली, तर नळीत सगळ्या पुऱ्या वाढीच्या माश्या. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पुढच्या थांब्यावर उतरून परत जाता आलं असतं. गेलो नाही, ती वाट बघत होती. तिने नळी खिडकीकडे धरली, हळूहळू फिरवली, बराच वेळ. मग म्हणाली, "बऱ्या दिसतायत, मास्तर." थोड्या वेळाने, "दुसरा संच आहे ना?" मी आहे म्हणालो. होता. सकाळी तोही मी न बघताच ठेवून आलो होतो. घरी येऊन पाहिला, त्यातही हेच. तिने मला जेवलात का विचारलं आणि त्यानंतर माश्यांचं नाव काढलं नाही. तिला कळलं होतं की ती थकली होती, हे मला अजून ठरवता येत नाही.

तेव्हा अर्जात धाकटी लिहू नकोस. या मोठ्या माश्यांपैकी काहींच्या अंगात तिचा जनुक लपलेला असू शकतो. एकेक जोडी वेगळी करून मी चाळीस नळ्या लावल्या आहेत. नरमादी दोघांतही तो असेल अशी जोडी जमली तर पिल्लांतली चौथाई लहान निघेल. पंचवीस पाहून झाल्या, एकही नाही. उरलेल्या पाहून जे असेल ते कळवीन, पण त्यावर विसंबू नकोस. रविवारी मी तुला 'हो, पाठवतो' म्हणालो, तेव्हा मनात होतं की या नळ्या तशाच पाठवाव्या. प्रवासात काही झालं असेल असं तुला वाटेल, आणि मला सांगावं लागणार नाही. आज रांगेत उभा असताना तू डोळ्यांपुढे आलीस. तू प्रवासाला बोल लावला नसतास. आपल्याच हातून नळी बदलताना चूक झाली असं धरून चालली असतीस, कारण ते तुला आम्ही दोघांनी शिकवलं आहे. वर्षभर तू स्वतःची चूक शोधत बसली असतीस. ती माझी आहे, म्हणून हे पत्र. आता धुण्याचं मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायला जातो. माझे दोन शर्ट आणि एक टॉवेल आहे.

तुझाच,
बाबा