एकच गोष्ट बदलायची

२ जानेवारी

मी मेलो! पान एकशे चौदा. वय वर्षं नऊ, कारण ताप, वेळ पहाटेची.

दादाच्या आत्मचरित्राचा पहिला खंड आज कुरियरने दुकानावर आला. एका बाईंच्या चष्म्याची काडी बसवता बसवता चाळला. लहानपणचं घर, वडिलांची सायकल, आईची शाळा — सगळं बरोबर. न्हाणीघराची कडी उलटी लागायची, तेसुद्धा विसरलेला नाही. मग माझा ताप. तोही खरा. इस्पितळाचा व्हरांडा, हिरवा बाक, त्या बाकावर बसून दादाने मला सांगितलेली परग्रहाची गोष्ट — शब्द न् शब्द खरा. पान उलटलं, तर मी गेलेलो.

दोनदा वाचलं. मधलं एखादं पान छापायचं राहिलं असेल असंही वाटलं. पण पुढच्या पानावर वडील रडतायत.

३ जानेवारी

बायकोला दाखवलं. आधी हसली. ‘मग मी लग्न कोणाशी केलं?’ नंतर अर्पणपत्रिका वाचली — ‘आईस, आणि जो राहिला नाही त्या बारक्यास’ — आणि हसायची थांबली. घरात मला अजूनही बारक्याच म्हणतात.

दादाला फोन लावला. वहिनी म्हणाल्या, ते लिहायला बसलेत. ते कायम बसलेलेच असतात.

५ जानेवारी

शेवटी दादाचा फोन.

‘चिडलायस का रे?’

म्हटलं, मेलेली माणसं चिडत नाहीत.

‘अरे, माझा नियम तुला माहितीय.’ माहितीय तर! सगळ्या जगाला माहितीय. प्रत्येक मुलाखतीत सांगतो. विज्ञानकथा लिहिताना जगातली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. मग वाचक डोळे मिटून विश्वास ठेवतो.

म्हटलं, पण हे आत्मचरित्र आहे ना?

‘सवय रे. हात तिकडेच जातो. तू बरा होऊन घरी आलास असं आधी लिहून बघितलं की मी. पुढे काही घडेचना! मी लिहायला का लागलो, याला कारणच उरत नव्हतं. तू गेलास आणि सगळं जागच्या जागी बसलं.’

म्हणजे मी वाचलो ही त्याची अडचण झाली होती.

‘आणि कुणाला कळणारेय? तुला ओळखतंय कोण?’ हे तो सहज बोलून गेला. मुद्दाम बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. ‘तुला काही करायचं नाहीये, बारक्या. फक्त गप्प राहायचं.’

११ जानेवारी

दुकानात एक बाई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, पर्समध्ये दादाचं पुस्तक. ‘नंबर वाढलाय का बघा हो. रडून रडून अक्षरं पुसट दिसायला लागलीत. तो धाकटा भाऊ जातो ना, तिथे तर मला पुढे वाचवेना!’

नंबर खरंच वाढला होता. काचा बदलून दिल्या. पाटीवरचं आडनाव बघून म्हणाल्या, नात्यातले का?

‘लांबचा,’ म्हटलं.

चष्मा लावून त्यांनी तेच पान उघडलं आणि म्हणाल्या, ‘आता कसं स्वच्छ दिसतंय!’

१७ जानेवारी

आईलाही आलंय पुस्तक. दादाची सही, वर ‘प्रिय आईला’. मी दुकानात होतो, पाकीट थेट तिच्या हातात पडलं.

आई काय काय विसरते, ते लिहायला बसलो तर ही वही पुरायची नाही. जेवली ते विसरते. वडील गेले ते विसरते, मग त्यांना उशीर का झाला म्हणून दाराकडे बघत राहते. पण मला विसरलेली नाही. संध्याकाळी मी चपला काढल्या की आतून आवाज येतो, ‘बारक्या आला का?’ तेवढं एक उरलंय. त्याच्यावर माझं चाललंय.

वाचायचं मात्र ती विसरलेली नाही. जन्मभर शाळेत शिकवलं. बोट धरून, ओठ हलवत, रोज वीस-पंचवीस पानं; अर्पणपत्रिका वगैरे सोडून थेट पहिल्या प्रकरणापासून. आणि छापलेलं ते खरं, हे तिच्या हाडात आहे. वाद झाला की म्हणायची, ‘कुठे छापलंय दाखव.’

नवा चष्मा मीच करून दिला तिला, गेल्या महिन्यात. काय उत्साहाने काचा घासल्या होत्या!

१८ जानेवारी

पुस्तक लपवलं, तर दिवसभर ‘माझ्या दादाचं पुस्तक कुठंय’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. जेवली नाही. परत दिलं.

बायको म्हणते, ते पान फाडून टाका. आईच्या हातातल्या पुस्तकाचं पान? शाळेत फाटकं पुस्तक दिसलं की अख्ख्या वर्गाची खैर नसायची. लगेच ओळखेल.

२१ जानेवारी

उपाय सापडला. ती वाचून झालं की पानात खूण घालते, आईस्क्रीमची लाकडी काडी. सकाळी ती अंघोळीला गेली की मी काडी मागे सरकवतो. काल सत्तराव्या पानावर होती, आज पुन्हा वडिलांच्या सायकलवर आणून ठेवली. तिला नवंच. दुपारी बायकोला म्हणाली, ‘दादाने सायकल काय छान लिहिलीय!’ कालही म्हणाली होती.

माझ्या मरणाकडे निघालेल्या आईला मी रोज सकाळी मागे ओढून आणतो. हसावं की रडावं, कळत नाही.

३० जानेवारी

काडी मागे.

६ फेब्रुवारी

दादाच्या पुस्तकाला पारितोषिक. पेपरात फोटो. मथळा — ‘हरवलेल्या भावाला शोधत ग्रहताऱ्यांपर्यंत’. मी दुकानात बसलोय रे बाबांनो, दहा ते आठ! सोमवारी बंद.

९ फेब्रुवारी

संपलं.

संध्याकाळी चपला काढल्या. आतून आवाज नाही.

दुपारी पेपरचा एक माणूस आला होता म्हणे. लेखकाच्या आईची मुलाखत हवी होती. पत्ता दादानेच दिलेला. बायको भाजी आणायला बाहेर पडलेली; परतली तेव्हा त्यानेच तिला हौसेने सगळं सांगितलं. त्याने आईसमोर बसून एकशे चौदावं पान मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?’

आई पलंगावर बसली होती. डोळे सुजलेले, पुस्तक छातीशी. मी समोर बसलो. म्हटलं, ‘आई, अगं मी बारक्या.’

चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघायची तसं. म्हणाली, ‘असं बोलू नये. दुसऱ्याच्या दुःखाची थट्टा करू नये.’

कपाळावरची खोक दाखवली. मोरीच्या कट्ट्यावर पडलो होतो, तिनेच हळद दाबून धरली होती. तिने खोकेवरून बोट फिरवलं. एक क्षण वाटलं, आलं लक्षात.

‘फार लागलं होतं का तुम्हाला?’ म्हणाली.

तुम्हाला.

१० फेब्रुवारी

मेलो ते जानेवारीत नव्हे. काल.

१२ फेब्रुवारी

दादाला वाटेल ते बोललो. फोन वहिनींकडे द्यायचा नाही, असं आधीच बजावलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ओरडलो. तू ये, तिच्यासमोर उभा राहा आणि सांग, मी खोटं लिहिलं म्हणून.

दादा म्हणाला, ‘माझ्या तोंडचं ऐकेल ती? तिला छापलेलं लागतं. दुसरा खंड लिहितोय. त्यात तुला परत आणतो. शब्द देतो.’

शब्दांची त्याच्याकडे काय कमी! पण छापलेलंच लागतं, हे त्याचं खरं होतं. मी ‘बरं’ म्हटलं.

२० फेब्रुवारी

दादा रोज फोन करतोय. ‘तुझा दिवस कसा जातो ते सांग. सगळं सांग.’ मी सांगतो. सकाळी दुकानाचं शटर अडकतं ते. काच घासताना येणारा वास. आईची नखं कापताना तिला गाणं म्हणायला लावावं लागतं, नाहीतर हात ओढून घेते. खुणेची काडी मागे सरकवायचो, तेही सांगितलं. तो मध्येच म्हणतो, ‘थांब थांब, लिहून घेतो.’

दादा माझ्याशी इतकं कधीच बोलला नव्हता. अगदी खरं लिहायचं तर — मला बरं वाटतंय. त्या हिरव्या बाकावर तो बसायचा, तसं काहीसं.

आई रोज एकशे चौदावं पान उघडते आणि मला अजून ‘तुम्ही’ म्हणते. चहा दिला की ‘आभारी आहे’.

१४ जून

दुसरा खंड आला. दुकान अर्धं बंद करून आतल्या खोलीत वाचला.

प्रकरण नववं — ‘बारक्या जगला असता तर’.

सगळं आहे. अडकणारं शटर आहे. काचेचा वास आहे. नखं आहेत, गाणं आहे. खुणेची काडीही आहे, पुस्तक तेवढं दुसरं. त्या बारक्याला माझी बायको आहे, माझ्या कपाळाची खोक आहे. पंचवीस पानं मी, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत. आणि शेवटचं वाक्य — ‘पण हे घडलं नाही, हे मी रचलं.’

एकच गोष्ट बदलली. बाकी सगळं होतं तसं ठेवलं.

१५ जून

फोनवर म्हणतो, ‘अरे, पहिल्या खंडाला पारितोषिक मिळालंय. आता तू जिवंत आहेस म्हटलं तर मी कुठे तोंड दाखवू? आणि परत आणलं की नाही तुला? किती प्रेमाने आणलंय बघ तरी!’

वाईट याचं वाटतं की प्रेमाने आणलंय हे खरंच आहे. वाचताना माझे डोळे भरले होते. मेल्याने लिहिलंय मात्र छान.

२२ जून

पेपरात परीक्षण. ‘लेखकाने आजवर कल्पिलेल्या सर्व जगांमध्ये, धाकट्या भावाचं हे साधं चष्म्याचं दुकान सर्वांत विलक्षण आहे.’

आज विलक्षण दुकानात तीन गिऱ्हाइकं. एकाला नुसती चष्म्याची दोरी हवी होती.

३ जुलै

आईने नववं प्रकरण वाचलं. काडी मागे सरकवायला मी उठलोच नाही. कशाला?

नखं कापत होतो. गाणं म्हणता म्हणता थांबली. ‘माझा बारक्या जगला असता ना, तर असाच झाला असता. माझी नखं कापली असती त्याने.’

मी म्हटलं, ‘हो.’

‘फार गुणी होता हो.’

दुसरा हात पुढे केला. कापली.

१९ जुलै

नवीनच. संध्याकाळी चपला काढल्या आणि आतून आवाज आला. इतक्या महिन्यांनी! धावत गेलो.

‘दादा आला का?’

माझा हात धरून बसवून घेतलं. ‘किती लिहितोस रे दादा! डोळ्यांची काळजी घे.’ बायको दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. हिशोब आईच्या बाजूने चोख आहे. दोन मुलगे. एक गेला, छापलंय. मग रोज घरी येतो तो दुसराच असणार.

तिने तोंडावरून हात फिरवला. मी ‘नाही’ म्हणणार होतो. ‘अरे-तुरे’ ऐकून किती दिवस झाले होते.

‘घेतो काळजी,’ म्हटलं.

२ ऑगस्ट

दादा म्हणून हाक मारली की आता सरळ ‘ओ’ देतो. तिने विचारलं, नवीन काय लिहितोयस? म्हटलं, चष्मेवाल्याची गोष्ट. ‘बाई, त्यात काय लिहिणार!’ म्हणाली. दोघं हसलो.

१६ ऑगस्ट

आज दादा आला. दोन्ही खंड, आईसाठी शाल, खाली गाडी थांबलेली. पलंगाजवळ वाकून म्हणाला, ‘आई, मी आलो.’

आईने हात जोडले. ‘बसा ना. हा माझा मोठा मुलगा,’ माझ्या दंडाला धरून म्हणाली, ‘पुस्तकं लिहितो. धाकटा गेला हो माझा. असता तर तुमच्याएवढा असता.’

दादाने माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होता. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

राहिलो.