बाबांचा होकार

१२ जानेवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून तुला वाटेल, ताईचा फोन बिघडला. फोन धडधाकट आहे. पण हल्ली तू फोनवरही माइकसमोर बसल्यासारखा बोलतोस. परवा मी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं, तर तू म्हणालास की फार सुंदर प्रश्न आहे. त्यात सुंदर काय होतं? म्हणून पत्र लिहितेय. निदान पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तुमच्या कॉलेजचा 'मुळांकडे' हा पॉडकास्ट मी ऐकते. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासायच्या तर कानांना काहीतरी उद्योग लागतो. पण खरं सांगू? तुमच्या पाहुण्यांपेक्षा माझ्या टेबलावरच्या कवळ्या बऱ्या, उगाच तोंड उघडत नाहीत. आणि तुझा तो जोडीदार, व्यवस्थापन शिकवणारा! मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलंय. अभिजात शिक्षण, श्रद्धा आणि संस्कृती हे तीन शब्द तो पत्त्यांसारखे पिसतो आणि दर खेपेला तेच पान काढतो. मागे तो इमारती बांधणारा गृहस्थ आला होता. लहानपणी पाठ केलेल्या प्राचीन ओळींनी आपल्याला घडवलं म्हणाला. तू त्याला एखादी ओळ म्हणायला सांगितलीस, हे तुझं बरोबर होतं. त्याला एकही येईना, तेव्हा भावना महत्त्वाची म्हणून तूच त्याला सोडवलंस. वर्गातल्या पोरांना असं सोडवतोस का रे?

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण परवाच्या भागात तू म्हणालास की आमचे वडील आम्हाला रोज संध्याकाळी प्राचीन भाषेतली प्रार्थना म्हणायला लावत आणि आजही त्यांचा नेम चुकलेला नाही. आजही? आई गेल्यापासून बाबांनी प्रार्थनागृहाची पायरी चढलेली नाही, हे तुला माहीत नाही? मी त्यांच्यासोबत राहते. त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या चादरींखाली आहे. जन्मभर शाळेत ती भाषा शिकवली त्या माणसाने, तिचं नावही ते आता काढत नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. ज्याबद्दल घरात चकार शब्द निघत नाही, त्यावर तू बाहेर गप्पा मारतोस?

बाकी सगळं ठीक. तुझा खोकला कसा आहे? माझ्या बोलण्याचा राग आला तर येऊ दे, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचताना कान लाल झाले. गुळगुळीत हे नाव मात्र इतकं चपखल आहे की काल त्याच्यासमोर तोंडातून निसटता निसटता राहिलं.

तू म्हणतेस ते सगळं मला कळतं. मी हा तमाशा हौसेने करत नाही. माझ्या वर्गात यंदा इतकी कमी मुलं आहेत की एक आजारी पडला तर वर्ग ओस दिसतो. प्राचीन भाषा हा विषय ठेवायचा की बंद करायचा, हे एप्रिलमध्ये विश्वस्त ठरवणार आहेत. बंद झाला तर मला प्रवेश-कार्यालयात बसवतील, फॉर्मांवर शिक्के मारायला. प्राचार्यांना माझ्या व्याकरणाशी देणंघेणं नाही. त्यांना पॉडकास्ट हवा आहे, कारण विश्वस्तांच्या अध्यक्षबाई तो गाडीत ऐकतात. कॉलेजात माझी किंमत आहे ती त्या गाडीतल्या वेळापुरती.

आता अध्यक्षबाईंची फर्माईश आली आहे. जुन्या विद्येने ज्या घरात श्रद्धा टिकवली, असं एखादं घर त्यांना ऐकायचं आहे. गुळगुळीतने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. ताई, बाबा येतील का? विषय वाचला तर त्यांच्यामुळे वाचेल. ही भाषा मी त्यांच्याकडूनच शिकलो, तेव्हा माझ्या हातून ती बुडावी असं त्यांनाही वाटणार नाही. तू विचारून पाहा. मला धीर होत नाही.

बाबांना नमस्कार. तुझ्या कवळ्यांनाही. लोभ ठेवतेसच, तो असाच राहू दे.

तुझा,
गुंड्या


२ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

बाबा येणार आहेत! मी विचारलं तेव्हा ते दाढी करत होते. पातं धुऊन ठेवलं. मग म्हणाले, जाऊ. दुपारी बघते तर स्वतः सदऱ्याला इस्त्री करत होते, अजून दिवस ठरलेला नसताना. मला वाटलं होतं ते मला झाडून काढतील. इतक्या वर्षांत त्यांनी कुठे जायची उत्सुकता दाखवलेली मी पाहिली नाही.

पण अट ऐक. शाळेबद्दल विचार, व्याकरणाबद्दल विचार, त्यांच्या मारकुट्या मुख्याध्यापकांबद्दल तर जरूर विचार. श्रद्धेबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. त्या जखमेला आपण इतकी वर्षं हात लावलेला नाही, तू तो तुझ्या अध्यक्षबाईंच्या करमणुकीसाठी लावू नकोस. मी सोबत येणार आहे आणि काचेपलीकडून तुझ्यावर डोळा ठेवणार आहे.

लोभ आहेच. अट मोडलीस तर मात्र हमी देत नाही.

तुझी,
ताई


१९ मार्च

चि. गुंड्यास,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. ते तू गृहीत धर.

तुमच्या त्या खोलीत काय घडलं ते मी तुलाच सांगते, कारण तुमच्या भागात ते उरलेलं नाही. जिमखान्याशेजारचं कोठार, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा स्पंज चिकटवलेला, आणि बाबा त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत, फिरू नये म्हणून पाय घट्ट रोवून बसलेले. मी काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून. किती छान बोलले रे ते! पहिल्या वर्गाबद्दल बोलले, मुख्याध्यापकांबद्दल बोलले, एका क्रियापदावरून आईशी झालेल्या भांडणाबद्दल बोलले आणि हसले. मला वाटलं, बरं केलं आणलं ते.

मग गुळगुळीतने तुला खूण केली आणि तू माझी अट धाब्यावर बसवलीस. आई गेल्यावरही तुमची श्रद्धा टिकून आहे ना, असं विचारलंस. बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तुझ्याकडे पाहत राहिले. काही बोलले नाहीत. माझा जीव टांगणीला लागला. गुळगुळीत हवेत बोट गरगर फिरवायला लागला, लवकर आटपा म्हणून. तुझ्या कपाळाला घाम फुटला आणि पाणी हवंय का, असं तू विचारलंस. बाबा हो म्हणाले. पाणी प्यायले. तू श्रोत्यांचे आभार मानलेस. संपलं.

आणि तुमच्या भागात काय ऐकू येतं? तुझा श्रद्धेचा प्रश्न. लगेच बाबांचा हो. लगेच बासरी. शांतताही नाही आणि पाणीही नाही.

काल प्रार्थनागृहाचे प्रमुख घरी आले, सोबत दोन बायका. बाबांचं अभिनंदन केलं, पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी जागा राखली आहे म्हणाले. बाबांनी विचारलं, कशाबद्दल? मंडळी गेल्यावर मी त्यांना हेडफोन दिले. त्यांनी तो शेवट ऐकला, पुन्हा ऐकला. मग मला विचारलं की मी हे पाण्याला म्हणालो होतो ना. मी मान हलवली. त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि खोलीत गेले. आज सकाळी फिरायला गेले नाहीत. रस्त्यात लोक अभिनंदन करतील म्हणून.

ज्या माणसाने उभ्या जन्मात एका पोराला खोटा गुण दिला नाही, त्याच्या तोंडी तू खोटं घातलंस. तेही देवाच्या बाबतीत. मला तुझी शिसारी आली आहे.

ताई


२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

मी ते मुद्दाम केलं नाही. कापाकापी गुळगुळीत करतो. त्याच्याकडे एक प्रोग्रॅम आहे, तो बोलण्यातल्या रिकाम्या जागा आपोआप काढून टाकतो, खोकलेसुद्धा. पाण्याचं वाक्य विषयाला सोडून आहे म्हणून त्याने हाताने काढलं. भाग बाहेर पडायच्या आदल्या दिवशी मी तो ऐकला. माझ्या लक्षात आलं. मी मूग गिळून बसलो, हे तुझ्यापासून लपवत नाही.

पण ताई, अध्यक्षबाई गाडीत रडल्या म्हणे. त्यांनी प्राचार्यांना फोन केला. प्राचार्य, जे मला जिन्यात ओळखत नव्हते, त्यांनी मला खुर्ची दिली. बैठक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोवर राहू दे ना. विषय एकदा वाचला की गुपचूप दुरुस्त करतो. एका अक्षराचा तर प्रश्न आहे. ते बाबांना काय जड आहे? भाषा जगावी असं त्यांनाही वाटतंच की.

तुझा राग ओसरेपर्यंत लोभ मागत नाही.

गुंड्या


२७ मार्च

गुंड्या,

एका अक्षराचा प्रश्न म्हणे! हेच तुझ्या वर्गात एखाद्या पोराने म्हटलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतंस. खोट्यावर वाचवलेला तो विषय उद्या कुठल्या तोंडाने शिकवणार आहेस? आणि बाबांना काय जड आहे विचारतोस, तर ये आणि बघ. ते खिडकी लावून बसतात. बैठकीआधी दुरुस्त करणार असशील तर मला कळव. नसशील तर पोस्टाचा खर्च करू नकोस.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुरुस्त केलं. बैठकीच्या आदल्या दिवशी गुळगुळीतकडून मूळ रेकॉर्डिंग मागून घेतलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग हात झटकले. प्रश्न, पुढची सगळी शांतता, पाणी, हो, सगळं होतं तसं लावलं आणि सुरुवातीला माझ्या आवाजात सांगितलं की आधीच्या भागात माझ्या वडिलांचं उत्तर खोटं दाखवलं गेलं, चूक माझी.

आता पुढचं ऐक, तुला मजा येईल. अध्यक्षबाईंनी तो भाग बैठकीतच लावायला सांगितला. शांतता आली तेव्हा एका विश्वस्तांनी स्पीकरवर टिचकी मारली. दुसऱ्यांनी वायर ओढून पाहिली. प्राचार्यांनी तांत्रिक बिघाडाबद्दल माफी मागितली. मी उभा राहून सांगितलं की हा बिघाड नाही, माझे वडील विचार करत आहेत. तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की बिघाड माझ्यातच आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, याने श्रोत्यांना काय प्रेरणा मिळणार?

निर्णय झाला. विषय बंद, पॉडकास्ट चालू. अभिजात शिक्षणाचं महत्त्व पुढेही दर आठवड्याला सांगितलं जाईल, फक्त ते आता कुणाला शिकवलं जाणार नाही. पॉडकास्टवर ते महत्त्व सांगायला मला बोलावलं होतं. मी नाही म्हणालो. गुळगुळीत एकटाच करणार आहे. जूनपासून मी शिक्के मारणार.

बाबांना हे कसं सांगू? त्यांची भाषाही घालवली आणि त्यांचं नावही. तू सांगशील का?

तुझा,
गुंड्या


१५ एप्रिल

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने मला वाचायला दिलं. तुझ्या विश्वस्तांना भाषा नको असेल तर ती त्यांच्यावाचून मरणार नाही, त्यांच्या आजोबांच्या आधीपासून ती जिवंत आहे. शिक्के मारायलाही अक्कल लागते, नीट मार. चूक कबूल केलीस, ते उत्तम केलंस.

आता दुसरं. नवा भाग मी पूर्ण ऐकला. राग निवळल्यापासून ताई सगळा दोष त्या यंत्राला आणि तुझ्या गुळगुळीत माणसाला देते. मी देत नाही. यंत्राने नंतर कापलं. त्याच्या आधी तू कापलंस. तू विचारलंस तेव्हा मी उत्तर जुळवत होतो. सोपं नव्हतं. त्यात तुझी आई होती, तिचे दवाखान्यातले शेवटचे दिवस होते, मी तिच्या उशाशी काय म्हणालो आणि काय म्हणू शकलो नाही तेही होतं. पहिलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तू पाणी विचारलंस. मुलगा घाबरला हे दिसलं, म्हणून हो म्हणालो.

ताईने हा प्रश्न विचारायची तुला बंदी केली होती, हे मला आता कळलं. तिला वाटत आलं की मला दुखेल. पोरी, हे तूही वाच, पत्र तूच पोस्टात टाकणार आहेस. तुमची आई गेल्यापासून मी वाट पाहतोय की या घरात मला कुणीतरी हे विचारेल. तू भीतीने विचारलं नाहीस, गुंड्याने सवडीअभावी. म्हणून तर मी इस्त्री करून त्या कोठारात आलो. वाटलं, माइक समोर असला तरी मुलगा विचारेल. त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकायला थांबला नाही.

गुंड्या, आता तुला सवडच सवड आहे. येत्या रविवारी ये. ताईलाही लॅबमधून सुट्टी घ्यायला सांगितलं आहे. दोघं माझ्यासमोर बसा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. मी लगेच बोलणार नाही. घाबरू नका आणि मध्ये काही विचारू नका.

तुझा,
बाबा